शिवलेला फेटा

२०१९ साल. मी सदुसष्ट वर्षांचा. नळदुर्गाच्या अलीकडं हायवेवर नवं हॉटेल झालेलं. त्याच्या दारात, भर दुपारी, माझं डोकं उघडं केलं.

चरायला रान उरलं न्हाय, मेंढरं इकली, म्हणून तिथं कामाला लागलो. काम काय? खांद्यावर घोंगडी, हातात काठी, दारात उभं ऱ्हायचं. लोकं मोटारीतनं उतरायची, माझ्यासंगं फोटो काढायची. तेवढं सोसलं.

त्या दुपारी मालक आला. तिशीतलं पोरगं. हातात तयार फेटा. शिवलेला, टोपीवानी, जरीचा तुरा चिकटवलेला.

"मामा, तुझा लाल पटका फोटोत मळका दिसतोय. हा घाल."

बापाच्या वयाच्या माणसाला अरेतुरे. म्या म्हणलं, "न्हाय जमायचं."

त्यानं हात घातला. पटका उतरवून खुर्चीवर फेकला. जेवती माणसं बघत व्हती.

"गिऱ्हाइकाला काय कळतंय? धनगर समदे सारखेच. पुतळा महाग पडत व्हता, म्हणून तुला उभा केला."

लोकं हसली. शिवलेला फेटा त्यानंच माझ्या डोक्यावर दाबला.

आमच्यात डोकं उघडं पडतं ते बाप मेल्यावर. दिवस घातले की मामा येतो, चारचौघांत भाच्याला पटका बांधतो. मग त्यो घरचा कारभारी. हरेक घराची बांधायची तऱ्हा येगळी. माळावर लांबून पेच बघावा अन् वळखावं, कुणाच्या घरचा गडी. आमच्या घरची शेव, म्हंजी पटक्याचं सुटं टोक, डाव्या कानावर.

सांजच्याला नेहमीचा सरदारजी ट्रकवाला जेवायला आला. मालक म्होरं पळाला, "आइए, सरदारजी!" त्याच्या पगडीला हात लावायची छाती कुणाची व्हती?

सरदारजी माझ्याम्होरं थबकला. "चाचा, आपकी पगड़ी किसने उतारी?"

त्याचा मुलूख येगळा, भाषा येगळी. तरी त्याला दिसलं. मालकालाबी दिसतच व्हतं की. सरदारानं त्याच्या रीतीनं ऱ्हावं, धनगरानं मालक सांगंल तसं. असं त्यानं ठरवलेलं. ठरवणारा तू कोण रं?

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऐन नाष्ट्याच्या गर्दीत गेलो. शिवलेला फेटा गल्ल्यावर ठेवला. टेबलांच्या मधी उभा ऱ्हायलो, काखेतला माझा पटका झटकला, पेचावर पेच घेत बांधाया लागलो.

"मामा, नाटक बंद कर!" मालक वरडला.

"नाटक तुझ्या दारात करत व्हतो. बंद केलं."

शेव डाव्या कानावर सोडली. एकानं फोटोला फोन उचलला.

"खाली ठेव," म्या म्हणलं.

त्यानं ठेवला.