घोडीचा भत्ता

माझा पगार महिना तीस रुपये आणि घोडीचा भत्ता बारा. हे बारा रुपये माझे की घोडीचे, एवढं ठरवायला सोलापूरच्या कोर्टाने मला चार तारखा हेलपाटे घालायला लावले. आणि शेवटी जे ठरवलं, ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

मी देवी टोचणारा सरकारी माणूस. हिवाळ्या-उन्हाळ्यात गावोगाव फिरायचं, पोरांचे दंड टोचायचे, आयांच्या शिव्या खायच्या आणि पुढच्या गावाला निघायचं. घोडीशिवाय ही नोकरी होत नाही. म्हणून घोडी माझी, आणि तिच्या चाऱ्याला, नालांना भत्ता सरकारचा. पावसाळ्यात टोचणी बंद, की भत्ताही बंद. घोडीचं पोट मात्र चालूच! फिरतीवर वाचलेले चार पैसे त्या चार महिन्यांत तीच खाऊन टाकायची.

एवढ्यात माझ्या मेहुण्याने माग टाकले, सूत उधारीवर घेतलं आणि जामीन म्हणून माझी सही नेली. हा गडी बुडाला तो मला घेऊनच बुडाला. सुताच्या व्यापाऱ्याने मला कोर्टात खेचल्यावर नादारीचा अर्ज करण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. कोर्ट उत्पन्न बघणार, घरखर्चापुरतं सोडणार आणि बाकीचं दरमहा व्यापाऱ्याला देणार, असा तो प्रकार.

"पगारातलं जाईल ते जाऊ द्या," माझे वकील म्हणाले, "पण भत्ता उत्पन्नात धरू द्यायचा नाही. तो गेला तर घोडी पोसणार कशी?"

"आणि घोडी गेली की नोकरी गेली," मी म्हटलं.

व्यापाऱ्याचा वकील उभा राहिला. "दरमहा बारा रुपये हातात येतात. हे उत्पन्न नाही तर काय?"

"अहो, हातात येतात आणि घोडीच्या तोंडात जातात!" मी ओरडलोच. न्यायाधीशांनी मला गप्प बसवलं आणि फिरती खरोखर होते याचा साक्षीदार आणायला सांगितलं.

साक्षीदार मीच शोधला. दुसऱ्या कुणाला कशाला नावं ठेवू? सीना नदीपलीकडच्या एका गावात एक म्हातारा धनगर होता. माझा मुक्काम नेहमी त्याच्याच अंगणात, आणि त्याची सगळी नातवंडं मीच टोचलेली. तारखेला तो धुतलेला पटका बांधून, खांद्यावर घोंगडं टाकून हजर झाला.

"हे फिरतीवर येतात का?" माझ्या वकिलांनी विचारलं.

"व्हय, येत्यात की. घोडीवरनंच येत्यात."

मला हायसं वाटलं. मग व्यापाऱ्याचा वकील उठला. आवाजात नुसती साखर. "बाबा, तुमच्या गावात घोडीला कडबा काय भावानं मिळतो हो?"

म्हाताऱ्याला ते भलतंच लागलं. "इकत? सायबाच्या घोडीला कडबा इकत? आमी काय मेलो हाय व्हय? धा वर्सांत एक पेंडी इकत घिऊ दिली न्हाय. हरभरा बी आमचाच!"

"बाकीच्या गावांत?"

"तितं बी तसंच. पैसं कोन घील?"

आणि त्याने छाती फुगवून माझ्याकडे पाहिलं. मला त्याचा गळा धरावासा वाटला! मी पावसाळ्याचं सांगू लागलो, तर न्यायाधीश म्हणाले, तो खर्च अर्जात लिहिलेला नाही. अर्धा भत्ता उत्पन्नात धरला गेला.

पहिल्याच पावसाळ्यात घोडी विकावी लागली. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "साक्षीदार तुम्हीच शोधलात ना?" कपाळ माझं!

हिवाळ्यात टोचणी सुरू झाली आणि मी पायी निघालो. माझ्या वरच्या साहेबांनी आधीच बजावलं होतं, गावं वेळेत झाली नाहीत तर दुसरा माणूस बघू. पहिलंच गाव म्हाताऱ्याचं. पायाला फोड आले होते, खांद्यावर औषधांची पेटी होती, आणि वाटभर मी त्याला घालायच्या शिव्या घोळवत होतो. अशा एकेक निवडक काढल्या होत्या, की ऐकून त्याने पटकाच उतरवला असता.

तो अंगणातच उभा होता. खुंट्याशेजारी कडब्याची पेंडी सोडून ठेवलेली, बादलीत पाणी भरलेलं. मला बघताच हसला.

"सायब, कोडतात म्या बराबर बोल्लो न्हवं?"

माझ्या तोंडातल्या सगळ्या शिव्या विरून गेल्या.

"लई चांगलं बोललात, बाबा," मी म्हटलं.

तो माझ्या मागे वाटेकडे बघत होता. "मग घोडी कुटं हाय?"

"लंगडतेय. घरी ठेवलीय."

त्याचं तोंड उतरलं. त्याने ती पेंडी पुन्हा नीट बांधली आणि माळ्यावर टाकली. "बरी झाली की आना. तवर ही तिचीच."

संताप संताप झाला होता माझा, आणि तो काढायचा कुणावर तेच कळत नव्हतं. मी घोडीच्या खुंट्याला टेकून बसलो आणि पहिल्या पोराला बोलवायला सांगितलं.