माझ्या दुधाचा नमुना

परळच्या एका प्रयोगशाळेत मी नोकरी करते. भाजी, धान्य, पाणी यांत कीटकनाशकं उतरलीत का, हे आम्ही तपासतो. मुलगी सहा महिन्यांची झाल्यावर मी कामावर परत आले, तेव्हा आईच्या दुधाची तपासणी सुरू होती. लालबाग, भोईवाड्यातल्या बायकांचे नमुने येत होते.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, "तूही देतेस का?"

मी दिला. बाटलीवर नाव नसतं, नुसता नंबर. माझा मला पाठ होता. दुधातली चरबी वेगळी काढून ती यंत्रात सोडली की पडद्यावर एक रेष उमटत जाते. माझी रेष बराच वेळ सपाट गेली आणि मग वर चढली. डीडीटी हे जुनं कीटकनाशक अंगात मुरल्यावर त्याचं जे रूप होतं, तेच ते होतं. मी नोंद केली आणि पुढचा नंबर घेतला.

दुपारी मुलीसाठी काढलेलं दूध मी बेसिनमध्ये ओतून दिलं. मॅडमनी पाहिलं.

"वेडी आहेस का? मग तिला काय देणार? पावडर आणि नळाचं पाणी? तेही आपल्याकडेच येतं तपासायला."

"पण मॅडम, मी स्वतः पाहिलंय."

"मीही पाहिलंय. तरी पाजायचं. त्यात फायदाच जास्त आहे."

हे मला माहीत होतं. बाकीच्या बायकांना मीच तसं सांगत होते.

संध्याकाळी करी रोडला आईकडे गेले. दिवसभर मुलगी तिच्याकडे असे. मी तिला सगळं सांगितलं.

"आमच्या चाळीत डीडीटी फवारायला यायचे गो," ती म्हणाली. "भिंती पांढऱ्या व्हायच्या. उरलेली पावडर मी मागून घ्यायचे, ढेकणांसाठी. गादीखाली टाकायचे." मग तिने विचारलं, "अंगातून ते जातं कसं?"

"दुधातून जातं थोडं. पहिल्या मुलाला जास्त."

मी तिची पहिली. भाऊ माझ्यानंतरचा.

"म्हणजे तुझ्यातलं माझंच."

"थोडं असेल. बाकीचं खाण्यातून."

मुलगी कुरकुरायला लागली, तशी तिने तिला माझ्या मांडीवर दिलं. "घे, भूक लागलीय तिला." मी पदराआड घेतलं. आई तिथेच बसून राहिली. एरवी ती अशा वेळी स्वयंपाकघरात जायची.

सहा महिन्यांनी मी पुन्हा नमुना दिला. रेष आधीपेक्षा कमी चढली. मॅडमना बरं वाटलं. ते कमी झालेलं कुठे गेलं, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

मुलगी दीड वर्षाची होईपर्यंत मी पाजलं. आता ती शाळेत जाते, तब्येत चांगली आहे. हिला पुढे काही होईल का, असं आईने एकदाच विचारलं. सांगता येत नाही, म्हटलं. तिने मान हलवली आणि मुलीची वेणी घालायला घेतली.