न बोलता रंगलेला प्रवेश

वडगावच्या विणकरांच्या गल्लीतून जाताना सुताच्या खळीचा वास आला की ती दुपारची तालीम आठवते. एका इंग्रज नाटककाराचे उमेदीच्या काळातले, पहिल्या वेळी साफ पडलेले नाटक तेव्हा त्याच्या देशात पुन्हा उभे राहून गाजत होते. पन्नाशी उलटल्यावर मी भीतभीत त्याचा मराठी अनुवाद केला होता आणि बंद मागांच्या शेडमध्ये विणकर मंडळी ते बसवत होती. त्यात नवराबायको एक अक्षर न बोलता जेवतात. दिग्दर्शक म्हणाले, "सर, लोक उठून जातील. हा प्रवेश काढूया." माझ्या मते नाटकाचा प्राण तोच होता, तरी मी मुकाट्याने मान डोलावली. बायकोचे काम करणारी विणकर आक्का मात्र उसळली, "काढायचं कशाला? माग चालू असला की खडखडाटात काय ऐकू येतंय? आमी नवराबायको दिवसभर डोळ्यांनीच भांडतोय न्हवं? बघा तर!" तिने ताट पुढे ओढले, भाकरी मोडली आणि घास हातातच ठेवून समोरच्याकडे नुसते पाहिले. शेडमध्ये कुणी हलले नाही. "ऱ्हाऊ दे, आक्का," दिग्दर्शक हळूच म्हणाले. तिने माझ्याकडे वळून विचारले, "सर, असंच लिवलंय न्हवं तुमी?" पुढे माझे नाव दोन पुस्तकांवर छापून आले, पण मी स्वतःला लेखक मानू लागलो तो "व्हय" असे मोठ्याने म्हणालो त्या क्षणापासून.