रुळावरून उतरलेले डबे

माझ्या सासऱ्यांनी उभा जन्म रेल्वेत काढला, म्हणजे रेल्वेच्या कचेरीत फायली इकडच्या तिकडे केल्या. ते निवृत्त झाल्यावर जर्मनीतल्या धाकट्या दिरांनी त्यांना विजेवर चालणारी छोटी आगगाडी पाठवली आणि काशीच्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या आमच्या घराला एकदाचा स्टेशनमास्तर लाभला. जर्मन लोकांनी सगळ्याचा विचार केला होता, फक्त आमच्या फरशीचा सोडून. तिथल्या दोन दगडांचं एकमेकांशी पटत नसे. वळण आलं की डबे भाविकपणे गंगेच्या दिशेला कलंडत.

मग चौकशी बसे. कधी माझी केरसुणी आरोपी, कधी सासूबाईंचा चाकात अडकलेला केस, कधी गच्चीवरची माकडं. फरशी वडिलार्जित, तिला विचारणार कोण! सासऱ्यांचे हात थरथरत, पुढची चाकं बसवली की मागची निसटत. पण मदतीला कुणी वाकलं की, "हात लावू नका. टेक्निकल मामला आहे!"

त्या हिवाळ्यात साताऱ्याकडचे एक लांबचे नातेवाईक आईच्या अस्थी घेऊन आले. चाळिशीचे गृहस्थ. घाटावरचे विधी सकाळीच आटोपले होते. डोक्याचा गोटा केलेला.

"दोन घास तरी घ्या. पूरा दिवस उपाशी आहात," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी नुसती मान हलवली. अशा वेळी वडीलधारी माणसं सांत्वनाचं काहीतरी बोलतात. सासरे म्हणाले, "जरा इंजिन धराल का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पाहुणे खरंच खाली बसले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "काका, असं एकेक चाक कुठवर बसवणार? जाड कागद आहे का?"

मी पेढ्यांच्या खोक्याचं झाकण दिलं. त्यांनी त्याच्या दोन्ही कडा दुमडल्या, घसरगुंडीसारखं ते रुळांवर तिरपं टेकवलं, वर डबा ठेवला आणि बोटाने ढकलला. डबा सरसरत खाली आला अन् चाकं आपसूक रुळात बसली.

"मी तरी केव्हापासून काय सांगतोय!" सासरे म्हणाले. त्यांनी असलं काही कधीच सांगितलं नव्हतं.

"आईची युक्ती," पाहुणे म्हणाले. "माझी चावीची गाडी होती. पडली की मी रडायचो. ती स्वयंपाक टाकून यायची..." डबा हातात धरून ते हुंदके देऊन रडले.

सासरे त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. मग म्हणाले, "अजून तीन डबे खाली आहेत."

पाहुण्यांनी डोळे पुसले आणि तेही चढवले. सासूबाईंनी आमटी पुन्हा गरम केली. रुळाशेजारीच ताट मांडून घेऊन ते जेवले, वर भात मागून घेतला. गाडी मधेच पुन्हा कलंडली, पण त्या दिवशी चौकशी बसली नाही.