रिकाम्या घराची राखण

साथ आली तेव्हा नगरपालिकेत कोण कुठल्या कामाला जुंपला जाईल याचा नेम राहिला नाही. बागेतले माळी फवारणीला गेले, करवसुलीवाले फोनवर बसले. आम्ही अतिक्रमण हटाव पथकातले. साथीत घरं पाडायला बंदी आली, म्हणून आमची गाडी आरोग्य खात्याने उचलली. गाडीबरोबर मी गेलो, म्हणजे ड्रायव्हर, आणि टपावरच्या कर्ण्याबरोबर आमचा पुकारा करणारा गेला. त्याला सगळे भोंगा म्हणत. खरं नाव पगाराच्या दिवशीच कानावर पडायचं.

आवाज असा खणखणीत, की पुढच्या गल्लीत बोलला तर मागच्या गल्लीतली कुत्री उठून बसायची. घरी मात्र हा इतकं हळू बोलायचा, की बायको म्हणायची, मला काय मनातलं ऐकू येतं का? मी त्यावरून त्याची भरपूर टर उडवायचो. तो मनावर घ्यायचा नाही.

नाल्याकाठच्या वस्तीत आम्ही रोज फिरायचो. ताप असेल, धाप लागत असेल तर बाहेर या, रुग्णवाहिका उभी आहे, औषध फुकट, खाट फुकट. भोंगा घसा कोरडा पडेपर्यंत सांगायचा आणि पुढची दारं पटापट लागायची. तिकडे इमारतींतले लोक फोन करकरून रुग्णवाहिका मागवत होते. इथली मात्र जागच्या जागी धूळ खात होती. शेवटी साहेबांनी सांगितलं, वस्तीत आजारच नाही, उद्यापासून ही रुग्णवाहिका इमारतींना द्या. खरं सांगायचं तर मला ते पटलं होतं. रोज दारं तोंडावर आपटून घ्यायची हौस कोणाला?

भोंगा म्हणाला, "गाडी बंद कर आणि जरा ऐक."

मी इंजिन बंद केलं. पत्र्यापत्र्यामागे खोकला होता. तोंडात कापड कोंबून दाबलेला खोकला.

लोक बाहेर का येत नाहीत हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. साथीच्या आदल्या वर्षी याच गाडीतून, याच आवाजात, वस्तीला मैदानावर बोलावलं होतं. डोळ्यांची मोफत तपासणी, चष्मे फुकट. बिचारी माणसं घरंदारं टाकून रांगेत उभी राहिली आणि मागे बुलडोझरने रिकाम्या घरांची एक अख्खी ओळ साफ केली. भोंग्याला त्यातलं काही माहीत नव्हतं. त्याला फक्त काय बोलायचं ते सांगितलं होतं. पण हे तो कोणाला आणि कुठल्या तोंडाने सांगणार?

तो खाली उतरला आणि नाल्याला लागून असलेल्या शेवटच्या घरापाशी गेला. तिथला खोकला सगळ्यांत वाईट होता. घर एका शिवणकाम करणाऱ्या बाईचं, आत तिचा नवरा. बाई फटीतूनच बोलली. त्यांना बोलायलाही दम पुरत नाही, एकट्याला पाठवणार नाही, आणि दोघं गेलो तर घर रिकामं पडेल. रिकाम्या घराचं तुम्ही काय करता ते आम्ही पाहिलंय, असंही म्हणाली.

भोंगा सरळ तिच्या उंबऱ्यावर बसला.

"ताई, तुम्ही परत येईपर्यंत मी इथून उठत नाही. पथक आलंच तर आधी मला उचलावं लागेल."

सिनेमातला हीरो असं काहीतरी बोलतो, पण हा घरी बोलतो तसा अगदी हळू बोलला. बाईने त्याला बराच वेळ न्याहाळलं. मग आत जाऊन शिवणयंत्रावर चादर टाकली आणि कडी काढली. नवऱ्याला आम्ही झोळी करून बाहेर आणला. नुसती हाडं राहिली होती. बाईने दाराला कुलूप लावून किल्ली भोंग्याकडे दिली आणि रुग्णवाहिका त्या दोघांना घेऊन गेली.

मी भोंग्यावर जाम उखडलो. म्हटलं, आजाराच्या घराला चिकटून बसलायस, घरी लेकरं आहेत, डोकं ठिकाणावर आहे का? साहेबांनी तर फोनवरच त्याची हजेरी घेतली. घरांची राखण करायला पगार देतो का, असं विचारलं, पण रुग्ण निघाला म्हणून रुग्णवाहिका तेवढी वस्तीत राहू दिली. त्याने ऐकून घेतलं आणि बसून राहिला. घरी सांग, ड्यूटी वाढलीय, एवढंच मला म्हणाला. मी सांगायला गेलो. त्याच्या बायकोने डबा भरला, वर एक पांघरूण ठेवलं, आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मला तिच्याकडे बघवेना.

वस्ती फटीफटीतून त्याच्यावर नजर ठेवून होती. कोणी लांबूनच पाण्याचा तांब्या ठेवून गेलं. डबा घेऊन मी जायचो तेव्हा तो तिथेच असायचा, दाढी वाढलेला, पाठ दाराला टेकून.

बाई परत आली ती एकटीच, चालत. मी डबा द्यायला आलो होतो. भोंगा धडपडत उठला आणि किल्ली पुढे केली. तिने घेतली. घराकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. चार दिवस आधी आणायला हवं होतं." तिचा आवाज अगदी सपाट होता. "तुम्ही पहिल्यांदा पुकारा केलात ना, तेव्हा ते म्हणाले होते, चल, जाऊ. तुमचा आवाज ओळखला आणि मीच कडी लावली."

बाई आत गेली. तिने दार लावून घेतलं नाही, आणि ते उघडं दार मला बंद दारापेक्षा जास्त लागलं.

तेवढ्यात समोरचं दार किलकिलं झालं. एक म्हातारा बाहेर आला, त्याच्या खांद्याला टेकून तापाने फणफणलेली सून. त्याने विचारलं, "आमच्या घरी कोण बसेल?"

भोंग्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या घरी दम्याची आई आहे हे त्याला माहीत होतं, म्हणून लगेच नजर वळवली. मला त्याचा रागच आला. मी डबा त्याच्या हातात कोंबला, गाडीला कुलूप लावलं आणि म्हाताऱ्याच्या उंबऱ्यावर जाऊन बसलो.

तिथून सगळी गल्ली दिसत होती. एकामागून एक दारं उघडत होती, आणि बसायला आम्ही दोघंच होतो.