डब्यातलं शेवटचं रीळ

घाटंजीच्या बाजारात लसूण विकणाऱ्या त्या म्हाताऱ्याचं नाव मी कधी विचारलं नाही. वाटे लावताना तो एका जुन्या हिंदी सिनेमाचं गाणं गुणगुणतो आणि उजवा हात हवेत सावकाश फिरवतो. तरुणपणी तो जत्रेतल्या तंबू टॉकीजचं मशीन चालवायचा.

तेच गाणं माझी आई म्हणते. तिनं तो सिनेमा त्याच तंबूत पाहिला होता. ते लग्नाचं गाणं, आणि तिच्या मते सिनेमा तिथंच संपतो. परवा मी मोबाइलवर पाहिला, तर लग्नानंतर नायिका मरते. मी म्हाताऱ्याला विचारलं.

"शेवटचं रीळ मी डब्यातच ठेवो," तो म्हणाला. "लोकाईले अंधारात बैलगाडीनं गावी जा लागे. रडत कायले जातीन? गानं म्हनत जात."

"कोणी विचारलं नाही?"

"एका बाईनं इचारलं, पुढं काय झालं. म्या म्हनलं, संसार."

संध्याकाळी आईनं सिनेमा पाहायला मागितला. मी लावून दिला, शेजारी बसून राहिले. लग्नाचं गाणं संपलं तसा फोन बंद केला.

"हाव," आई डोळे पुसत म्हणाली, "इथंच संपते."