भोंग्यावरचं ग्रहण

उदगीरकडच्या आमच्या गावात महेबूबभाई रिक्षावर भोंगा बांधून फिरत. तहसीलचा हुकूम असो की कुणाची हरवलेली म्हैस, त्यांनी पुकारलं की आम्ही ते खरं धरायचो.

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात पाणी उरलं ते फक्त संगप्पांच्या विहिरीला. तहसीलने महेबूबभाईंना चिठ्ठी दिली : विहिरीचं अधिग्रहण होईल, भाडं मिळेल, विहीर मालकाचीच राहील. ती त्यांनी पुकारली. दुसऱ्या दिवशी, उदगीरचा वेगळा जिल्हा करायला विरोध करणारा एक पुढारी आला. त्या हरामखोराने ‘अधिग्रहण’ शब्दाचं डोकंच उडवलं आणि लिहून दिलं, ‘जिल्हा झाला की विहिरींना ग्रहण लागणार.’ महेबूबभाईंनी तेही पुकारलं, त्याच आवाजात. संगप्पांची झोप उडाली.

घरी मात्र घाबरलेल्या मलिकाला, आपल्या बारा वर्षांच्या लेकीला, महेबूबभाई हसून म्हणाले, “भोंग्यावरचं मनावर घेऊ नको बेटी. ते दुसऱ्याचं बोलणं असतंय.”

तिसऱ्या दिवशी दुपारी संगप्पाच त्यांच्याकडे आले. विहिरीभोवती उघडी तार ओढली होती, दोनला शेतातली लाइट आली की त्या तारेत करंट येणार होता. “तुमचंच ऐकून केलं, भाई,” ते म्हणाले. “आता कुणी तिकडं येऊ नका, एवढं पुकारा.” ग्रहण खोटं होतं, तार काढा, म्हणून महेबूबभाईंनी हात जोडले. संगप्पा ऐकेनात.

दोनला दहा मिनिटं होती. मी रिक्षात त्यांच्या शेजारी बसलो. भोंगा ऐकून पाण्याला निघालेल्या बाया अर्ध्या वाटेवरून परतल्या. बांधावर एकटी मलिका कळशी घेऊन विहिरीकडे चालली होती.

“मलिका, थांब! तारेत करंट हाय!” महेबूबभाई भोंग्यावरून ओरडले.

तिने वळून पाहिलं, हसून हात हलवला आणि पुन्हा चालू लागली.

महेबूबभाई माइक टाकून ढेकळांतून धावले. तिने तार उचलायला हात पुढे केला, तेवढ्यात त्यांनी तिची वेणी धरून मागे ओढलं. दोघं सरीत पडले. कळशी घरंगळत तारेला लागली. त्याच वेळी संगप्पांची मोटर सुरू झाली आणि कळशीवर ठिणग्या उडाल्या.

मलिकाने सरीतून मान वर केली.

“अब्बा, तुम्हीच म्हणला होता ना, भोंग्यावरचं मनावर घेऊ नको?”